९४ वर अडकलेलं वायफाय: नवा एपी घेण्याआधी आणि घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेत दुमजली घर, खाली कर सल्लागाराचं ऑफिस, वर बिऱ्हाड. फायबरचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण ऑफिसात राउटरला खेटून बसलं तरी ९४ च्या वर जात नाही आणि वर मागच्या खोलीत १५-२० मिळतात. ओएनटीला (फायबर घरात येते तो डबा) जोडलेला राउटर एसी१२००, म्हणजे वायफाय ५ चा, सहा-सात वर्षांचा. दुकानदार म्हणतो वायफाय ७ चा एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफायचा सिग्नल देणारा डबा) घ्या. शिवाय साताऱ्याच्या जुन्या वाड्यात आई-वडिलांचा व्हिडिओ कॉल भिंतींमुळे टिकत नाही. तर नेमकं काय घ्यावं?

आधी त्या ९४ कडे बघू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. वायफायचा वेग खोलीनुसार, वेळेनुसार खालीवर होत राहतो. तो कधी ११० दाखवेल, कधी ७०. रोज, सगळ्या फोनवर, सगळ्या लॅपटॉपवर ९३-९४-९५ इथेच थांबत असेल तर तो रेडिओचा दोष नाही. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात एवढंच निघतं. स्वस्त एसी१२०० राउटरांपैकी बऱ्याच मॉडेलना मागची सगळी पोर्ट १०० चीच असतात. खोक्यावरचे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज. ती हवेतली क्षमता, वायरची नव्हे. हौद मोठा आणि नळ अर्धा इंची, अशी गत.

पण राउटर फेकायच्या आधी त्याच्या सेटिंगच्या पानावर वॅन पोर्टचा (ओएनटीकडून नेट येतं ते पोर्ट) लिंक स्पीड बघा. पोर्ट गिगाबिटचं (१००० एमबीपीएसचं) असून लिंक १०० दाखवत असेल तर दोष केबलचा. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एक तार तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही तर दोन्हीकडची उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात आणि काम चालू राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. सीसीटीव्ही बसवताना एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन कॅमेरे चालवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या केबलवर नवा एपी टांगला तर तो कितीही महागाचा असो, ९४ च देणार.

म्हणून खरेदीच्या आधी अर्धा तास मोजणीला द्या. लॅपटॉप वायरने थेट ओएनटीला लावा आणि वेग बघा. इथेच ३०० मिळत नसतील तर तक्रार नेट देणाऱ्याकडे करायची, दुकानात जायचं कारण नाही. मग तीच वायर राउटरला लावून बघा. मग वायफायवर, राउटरपासून दोन-तीन मीटरवर. शेवटी प्रत्येक खोलीत, दार लावून. चारही आकडे कागदावर लिहा. कुठल्या दोन टप्प्यांमध्ये आकडा कोसळतो, तिथे पैसे खर्च करायचे. ही मोजणी २० तारखेच्या संध्याकाळी करू नका. जीएसटीचं पोर्टल त्या दिवशी रडतं ते रिटर्न भरणाऱ्यांच्या गर्दीने, वायफायमुळे नव्हे.

आता वायफाय ५, ६ की ७. साधा, दोन अँटेनांचा फोन किंवा लॅपटॉप धरून चाला. वायफाय ५ वर ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये लिंक ८६७ ची बनते. वायफाय ६ वर त्याच रुंदीत १२०१ ची, आणि १६० मेगाहर्ट्झ दोन्हीकडे असेल तर २४०२ ची. हे आकडे लिंकचे, म्हणजे कागदावरच्या वेगाचे. हातात पडतं ते जवळ बसून साधारण निम्मं, फार तर दोन-तृतीयांश. म्हणजे ८० मेगाहर्ट्झच्या वायफाय ६ वर एका खोलीत ६०० ते ८०० एमबीपीएस. तुमचा प्लॅन ३०० चा. सध्याच्या राउटरचा रेडिओसुद्धा, पोर्टने गळा दाबला नसता तर, जवळ बसून ३०० पार गेला असता.

मग वायफाय ६ कशाला? सात-आठ कॉम्प्युटर, डझनभर फोन, कॅमेरे, टीव्ही अशी गर्दी एकाच हवेत बोलायला लागते, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. वायफाय ६ चा एपी एकाच खेपेत अनेकांना थोडं थोडं वाढतो. पंगतीत एकेकाच्या पानापुढे उभं राहण्याऐवजी सगळ्यांना हात फिरवावा तसं. त्याचा पुरता फायदा मिळायला समोरचे फोन-लॅपटॉपही ६ चे हवेत, पण आता बहुतेक नवे तसेच येतात.

वायफाय ७ वाईट नाही, पण तुमच्या घरात आज त्याचे जादा पैसे वसूल व्हायचे नाहीत. त्याच्या ३२० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो. स्वस्तातल्या बऱ्याच वायफाय ७ एपीला तो रेडिओच नसतो, फक्त २.४ आणि ५ असतात. परदेशातून आणलेल्या खोक्यावर ६ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असलं तरी देश म्हणून इंडिया निवडल्यावर तो रेडिओ शिल्लक राहतो का, हे आधी बघा. आणि हा पट्टा भिंतीपुढे ५ पेक्षाही लवकर हात टेकतो. आयफोनची बरीच मॉडेलं तर ५ गिगाहर्ट्झवर ८० च्या पुढे जातच नाहीत, म्हणून १६० चा एपी घेऊनही त्यांची लिंक १२०० च राहते. दुकानात डब्यावरचा मोठा आकडा बघण्यापेक्षा घरातल्या उपकरणांची यादी करणं जास्त शहाणपणाचं.

तुमच्या घराला एक मोठा, आठ शिंगांचा राउटर नको, प्रत्येक मजल्याला एक असे दोन छताचे एपी हवेत. मधला आरसीसी स्लॅब, त्यातली सळई, वरची फरशी यांच्यातून ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पार होतं, २.४ जातं, म्हणून वर १५-२० मिळतात. एपीची ताकद वाढवूनही उपयोग नाही. एपी मोठ्याने ओरडेल, वरच्या फोनला ऐकू येईल, पण फोनचा बारीक आवाज खाली पोचणार नाही. काड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

दोन्ही एपी एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. एएक्स१८०० वर्ग पुरतो (एएक्स म्हणजे वायफाय ६). ऑफिसातले लॅपटॉप १६० मेगाहर्ट्झवाले असतील आणि आपसात मोठ्या फायली फिरत असतील तर एएक्स३००० बघा. मात्र मागे गिगाबिट पोर्ट असेल तर हवेतून २४०२ ची लिंक दिसली तरी वायरमधून साधारण ९४० च निघणार. २.५ गिगाबिटचं पोर्ट तेव्हाच कामाचं, जेव्हा स्विचही (अनेक उपकरणं केबलने एकत्र जोडणारा डबा) तसाच असेल. एक स्विच, ८ पोर्टचा, गिगाबिट, त्यातली निदान ४ पीओई. पीओई म्हणजे डेटाच्याच केबलमधून वीज. छतापाशी वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही. इथे दोन प्रमाणं लक्षात ठेवा: ८०२.३एएफ स्विचकडून १५.४ वॉट देतं, ८०२.३एटी ३० वॉट. एपीच्या माहितीपत्रकात कुठलं लागतं ते लिहिलेलं असतं. एटी मागणारा एपी एएफवर लावला तर कधी चालूच होत नाही, कधी चालू होऊन कामाचा ताण आला की आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लोक एपी खराब म्हणून परत करतात. स्विचचा एकूण वॉटेजही बघा; ४ पोर्ट आणि ६० वॉट असेल तर दोन एपी आणि दोन कॅमेरे आरामात. काही जुन्या एपीसोबत २४ व्होल्टचा साधा इंजेक्टर येतो. तो समोर काय आहे हे न विचारता वीज सोडतो. तो ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तर चिठ्ठी लावून ठेवा. घाईत लॅपटॉपला लागला तर पोर्ट जायची भीती.

केबल कॅट६ (नेटवर्क केबलची एक प्रत) घ्या, पण कॅट६ या छापापेक्षा आत तांबं आहे का ते महत्त्वाचं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल भरपूर आहे, आणि ती विकणारा ती तशी आहे हे आपणहून सांगत नाही. ब्लेडने तार खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर नको. ॲल्युमिनियमचा विजेला रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे पीओईवर लांब अंतरात व्होल्टेज गळतं, तार तापते, आणि जॅकमध्ये दोन-चार वेळा वाकली की मोडते. चांगली कॅट५ई भिंतीत आधीच असेल तर ती काढू नका. १०० मीटरपर्यंत गिगाबिटच काय, २.५ गिगाबिटही ती नेते.

पाइपमधून केबल ओढताना लाइटच्या वायरचाच पाइप वापरायचा मोह वायरमनला होतो, कारण तो तयार असतो. होऊ देऊ नका. वेगळा २५ मिमीचा पाइप किंवा भिंतीवरून केसिंग पट्टी चालेल, आणि लाइटची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एपीपाशी हातभर आणि स्विचपाशी मीटरभर केबल जास्तीची ठेवा. प्रत्येक जागी एकाऐवजी दोन केबल ओढल्या तर खर्च फक्त केबलचा वाढतो, मजुरी तीच.

जॅक मारताना सगळ्यात जास्त फसगत होते ती रंगांच्या क्रमात. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी बसते, हे विचित्र वाटतं, म्हणून काही जण जोड्या शेजारी-शेजारी लावतात आणि दोन्ही टोकांना तेच करतात. दिव्यांचा स्वस्त टेस्टर १ ते ८ सगळं बरोबर दाखवतो. पण ज्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या हव्यात त्या वेगवेगळ्या जोड्यांत गेल्यामुळे एकीचा सिग्नल दुसरीत गळतो, आणि लिंक कधी १०० वर येते, कधी तुटते. टेस्टर हिरवा आणि नेट लाल, अशी तक्रार आली की जॅक कापून रंग बघायचे. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. भिंतीतल्या केबलला थेट जॅक मारण्यापेक्षा भिंतीवर आयओ बॉक्स (केबलचं सॉकेट) बसवा आणि पुढे तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना जॅक असलेली छोटी केबल) लावा.

एपी छताला, मजल्याच्या साधारण मध्यावर लावा. छताच्या एपीचा सिग्नल छत्रीसारखा खाली पसरतो. पंख्याच्या पात्यांच्या वर, लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या मागे किंवा पत्र्याच्या फॉल्स सीलिंगच्या आत नको. खालचा आणि वरचा एपी बरोबर एकावर एक येणार नाही असं बघा. खाली पुढच्या बाजूला असेल तर वर मागच्या बाजूला. तुमची तक्रार मागच्या खोलीची आहेच, वरचा तिकडे सरकवा. पक्का ठोकण्याआधी एक संध्याकाळ शिडीवर टेकवून चालू करा आणि खोल्यांतून फोन घेऊन फिरा. दार लावून सिग्नल -६७ डीबीएम किंवा त्याहून बरा (शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार) मिळाला तर कॉल तुटणार नाहीत. -७५ च्या खाली गेला तर जागा बदला.

जोडणी करताना राउटिंग एकाच ठिकाणी राहू द्या. ओएनटी आता राउटरचं काम करतच असेल. मग नव्या एपीवर डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद, आणि ओएनटीचं स्वतःचं वायफायही बंद. दोन्ही ठिकाणी पत्ते वाटप चालू राहिलं तर काही कॉम्प्युटरना नेट मिळतं पण प्रिंटर दिसत नाही, काहींचं उलट, आणि रीस्टार्ट केलं की आजार दुसऱ्याला लागतो. जुना राउटर एपी म्हणून वापरणार असाल तर केबल त्याच्या वॅनमध्ये नको, बाकीच्या म्हणजे लॅन पोर्टमध्ये लावा आणि त्याचा पत्ता बदला, ओएनटी १९२.१६८.१.१ असेल तर त्याला १९२.१६८.१.२ द्या. एक चूक सुटीनंतरच्या सोमवारी हमखास दिसते: साफसफाईत सुटलेली केबल कुणीतरी परत स्विचमध्येच दोन्ही टोकांनी खोचतो. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात आणि सगळ्यांचं नेट बंद. ती एक केबल काढली की मिनिटात जागेवर.

दोन्ही एपीवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच; चॅनेल मात्र वेगळे. २.४ वर १, ६, ११ पैकी, रुंदी २० मेगाहर्ट्झ, ४० अजिबात नको. ५ वर खालच्या एपीला ३६ ते ४८, वरच्याला १४९ ते १६१, रुंदी ८०. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळे केल्यापासून मधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेलही आपल्याकडे मिळतात, पण ते रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. त्यातला चॅनेल निवडला तर एपी आधी किमान ६० सेकंद रडार ऐकत गप्प बसतो. ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही म्हणून लोक तेवढ्यात दोनदा रीसेट करतात. तासगाव, कोरेगावकडच्या वाड्यावस्त्यांवर टॉवरवरून वायरलेस नेट घेणारे शेजारी असतील तर १४९ च्या वर गोंगाट असू शकतो. तिथे मोजूनच ठरवा.

ताकद ऑटोवर सोडू नका. ५ गिगाहर्ट्झ मध्यम, २.४ त्याहून ६-७ डीबीने कमी. दोन्ही फुल ठेवले तर खालून वर गेलेला फोन खालच्याच एपीला चिकटून राहतो. कुठल्या एपीवर जायचं हे फोन ठरवतो, एपी नाही. तुम्ही फक्त मागे राहिलेल्या एपीचा मोह कमी करू शकता. ८०२.११के आणि व्ही (फोनला दुसऱ्या एपीवर जायला मदत करणाऱ्या सेटिंग) चालू ठेवा. त्याच मालिकेतलं ८०२.११आर चालू केल्यावर एखादा जुना प्रिंटर जोडेनासा झाला तर तेवढं बंद करा.

बदलाच्या दिवशी जुनंच नाव आणि पासवर्ड नव्या एपीला द्या, म्हणजे हजेरीचं बोटाचं मशीन, प्रिंटर, कॅमेरे आपोआप जोडले जातील. सगळं स्थिर झालं की मग पासवर्ड बदला. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा; नुसतं ३ ठेवलं तर जुना प्रिंटर बाहेर पडतो. एखाद्या जुन्या लॅपटॉपला नवं नेटवर्क यादीतच दिसत नसेल तर एपीला दोष देऊ नका. इंटेलच्या काही जुन्या वायफाय कार्डांना वायफाय ६ चं नेटवर्क ड्रायव्हर अपडेट केल्याशिवाय दिसत नाही. अशिलांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढाच. बाहेर बसलेल्या माणसाच्या फोनला तुमचे कॉम्प्युटर दिसण्याचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र वायफायवर घेऊ नका: टॅली. डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे तो आणि ज्यांवर दिवसभर नोंदी होतात ते, सगळे वायरवर. तिथे एमबीपीएसपेक्षा प्रत्येक छोट्या निरोपाला किती वेळ लागतो आणि जोडणी मध्येच तुटते का, याला महत्त्व. क्षणभर वायफाय गेलं तर व्हिडिओ पुन्हा चालू होतो. अर्धी लिहिलेली डेटा फाइल बिघडते. हे सात-आठ कॉम्प्युटर वायरवर गेले की ८ पोर्टचा स्विच कमी पडेल, म्हणून कॉम्प्युटरसाठी १६ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच वेगळा घ्या. हवा मोकळी झाल्याचा फायदा फोनांना मिळतो तो वेगळाच.

ओएनटी आणि दोन्ही स्विच एका जागी ठेवा आणि तिथे एकच छोटा यूपीएस. पीओई असल्यामुळे दोन्ही एपी त्यावरच चालतात. घरच्या इन्व्हर्टरवर असतील तर मागचं बटन यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर महावितरणची लाइट गेली-आली की स्विच रीस्टार्ट होतो, आणि एपी परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. जागा पहिल्या मजल्यावर निवडा. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभाग किंवा मारुती चौकाकडे शाखा काढाल तेव्हा तर तळमजल्यावर रॅक ठेवूच नका. आवारात पलीकडे गोदाम असेल तर तिथवर तांब्याची केबल नको, फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज पडली की उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलच्या दोन्ही टोकांची पोर्ट एका दमात जातात.

आता साताऱ्याचा वाडा. तिथे एएक्सच्या आकड्यांचा प्रश्नच नाही. दोन-अडीच फूट जाडीची दगड-मातीची भिंत ५ गिगाहर्ट्झ खाऊन टाकते, आणि कितीही महाग राउटर तिच्यापुढे सारखाच. पण वाड्याला चौक असतो. सिग्नल भिंतीतून न्यायचा नाही, चौकातून आणि दारांतून न्यायचा. ओएनटी बहुधा दिंडी दरवाजाजवळच्या खोलीत कोपऱ्यात लागलेला असेल. तिथून एक केबल तुळयांच्या कडेने सोप्यापर्यंत आणा आणि एपी चौकाच्या तोंडावर, पावसाची झड लागणार नाही असा, सोप्याच्या छताखाली लावा. चौकाभोवतीच्या खोल्यांना तो दारा-खिडक्यांतून पोचेल. स्वयंपाकघर मागच्या बाजूला असेल तर तिथे दुसरा, केबलवरच.

केबल ओढणं अगदीच जमणार नसेल तर मेश (आपसात वायरविना बोलणारे वायफायचे दोन-तीन डबे) घ्या, पण त्याचा दुसरा डबा जिथे नेट येत नाही त्या खोलीत ठेवू नका. तिथे त्यालाही काही ऐकू येणार नाही. तो चौकात, पहिल्या डब्यापासून सरळ नजरेच्या रेषेत हवा. दोन बँडच्या मेशमध्ये डब्यांचं आपसातलं बोलणं आणि फोनांचं बोलणं एकाच हवेतून होतं, त्यामुळे दुसऱ्या डब्यावर वेग साधारण निम्मा होतो. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुष्कळ, म्हणून वाड्यात तो निम्मा वेगही चालेल. विश्रामबागेच्या ऑफिसात चालणार नाही.